पाच सेकंदांचा मनोरा की आख्खे यान?

फोंड्याला आमच्या अंगणात तिन्हीसांजेला तुळशीपुढे पणती लागते. ज्योत निमुळती होते, कारण तापलेली हवा वर जाते आणि खालून ताजी येते. गुरुत्व जवळपास नाहीसे झाले की ही ये-जा थांबते. ज्योत गोल आणि निळसर होते. मग अंतराळयानात वस्तू पेट कसा घेते, हे तपासायचे कुठे?

एक वाट जमिनीवरची. नासाच्या क्लीव्हलंड केंद्रात, हवा काढून घेतलेल्या विहिरीसारख्या नळीत (हाच तो मनोरा) प्रयोगाची पेटी 132 मीटर खाली सोडतात. वजनरहित अवस्था मिळते 5.18 सेकंद. खर्च कमी, प्रयोग पुन्हा करता येतो. पातळ कागदाला ते पुरते. जाड प्लास्टिक नीट तापायच्या आतच पेटी तळाला!

दुसरी वाट सॅफायरची, म्हणजे यानातच आग लावून पाहणाऱ्या नासाच्या प्रयोगांची. 2016 मध्ये अंतराळ स्थानकावर माल उतरवून निघालेल्या, माणूस नसलेल्या सिग्नस यानात जवळजवळ मीटरभर लांब कापड पेटवले. पंख्याच्या मंद वाऱ्यात जाळ सरकताना कॅमेऱ्यांनी टिपला. यान मात्र शेवटी वातावरणात जळते, नमुना हाती येत नाही.

पदार्थांची पहिली चाळणी मनोऱ्यातच व्हावी. पण अंतराळवीराच्या अंगावरचे कापड निवडायचे असेल, तर मी सॅफायरवरच विसंबेन.