मूल-गडचिरोली रोडवरचं भोजनालय, जिथं बायांना रात्रीही बिनधास्त जेवता येते

परवा बचत गटाच्या कामानं आम्ही सहा जणी चंद्रपूरला गेलो होतो, येता येता मूलच्या पुढे अंधार पडला आणि सकाळच्या पोह्यावर कोणाच्याच पोटात काही नव्हतं. वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे थांबायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येते, तिकडच्या बऱ्याच ढाब्यांवर संध्याकाळनंतर बाईमाणसाले बसताच येत नाही. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, इथं थांबा, इथं कोणी पिऊन बसत नाही."

आणि खरंच नाही बसत. भिंतीवर खडूनं लिहिलंय, बाटली दिसली तर जेवण मिळणार नाही. आमच्यासमोरच दोन पोट्टे आले, एकाच्या खिशात पव्वा होता, मालकीणबाई गल्ल्यावरून उठून सरळ दारात गेल्या आणि "गाडीत ठेवून ये नाहीतर दुसरीकडं जेव" एवढंच बोलल्या. पोट्टे गुपचूप वापस गेले.

जेवण म्हणाल तर पाटवडीचा रस्सा एक नंबर, तर्री वर तरंगणारी पण घसा जाळणारी नाही, वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. लाखोळीच्या डाळीचे वडे गरम गरम आणले, तांदळाची भाकरी मऊ. भात मात्र थंड होता आणि मागच्या बाथरूमचा लाईट बंद होता, बायांसाठी एवढं चांगलं करताय तर तो बल्ब आधी बदला.

मालकीणबाईशी बोलत बसलो तेव्हा कळलं की इथं आधी बार होता. 1 एप्रिल 2015 ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली तेव्हा बंद करावा लागला, मग यांनी खानावळ टाकली. 2021 मध्ये सरकारनं बंदी उठवली, आजूबाजूचे सगळे परत सुरू झाले, घरचे म्हणत होते आपणही करू, पण या म्हणाल्या सहा वर्षं मी इथं जेवण वाढलं, आता ओकारी पुसणार नाही. हे ऐकून मी त्यांचा हातच धरला.

कारण दोन जिल्ह्यांच्या मधला हा वैनगंगेचा पूल आमच्या घरात घुसलेला आहे. आमचा गडचिरोली जिल्हा 1993 पासून बंदीचा, आम्ही लहानपणापासून ऐकतो इथं दारू मिळत नाही, पण माझा मोठा भाऊ रोज संध्याकाळी सायकल घेऊन पूल ओलांडायचा, कारण पलीकडं लायसनवाली दुकानं होती. एका जिल्ह्यात बंदी आणि नदीपलीकडं दुकान, असं असलं की नवरे-भाऊ त्याच रस्त्यानं जातात. 2015 ला पलीकडचंही बंद झालं तेव्हा पहिले काही महिने भाऊ घरी होता, पडलेली कुडाची भिंत त्यानं स्वतः लिंपली. मग डुप्लिकेट दारू यायला लागली, टू-व्हीलरवर पेट्या, भाव दुप्पट, आणि वहिनीचे धानाच्या रोवणीचे पैसे त्यात गेले. म्हणून कोणी मला विचारलं बंदी चांगली का वाईट तर मी म्हणते चांगलीच, पण पहारा लागते. आमच्या गावात तो पहारा बाया देतात. नाल्याच्या काठी पालापाचोळ्याखाली प्लास्टिकचे ड्रम पुरलेले सापडले होते, झाकण काढलं तर सडव्याचा, म्हणजे दारू गाळायला सडवलेल्या मोहाचा, आंबूस वास नाकात बसला तो दोन दिवस गेला नाही, आम्ही आठ जणींनी ते आडवे केले. देवाले मोहाची धार देतात ते वेगळं, हा विकायचा धंदा होता.

मालकीणबाईंच्या गावातही आता बाया दारूचं दुकान बंद करायला सह्या गोळा करतायत. नियम असा आहे की गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यावं लागते, आणि आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायच्या चिन्हाला, एकूण महिला मतदारांपैकी अर्ध्याहून जास्त मतं पडली पाहिजे. आलेल्यांपैकी नाही बरं का, यादीत जेवढ्या आहेत त्या सगळ्यांपैकी! म्हणजे जी मिरची तोडायला तेलंगणात गेली ती न येता दारूच्याच बाजूनं मोजली जाते. त्यामुळं तारीख हंगाम पाहून ठेवा असं आम्ही त्यांना सांगून आलो, बाया घरी असतील तेव्हाच मागा.

सहा जणींचं बिल 720 झालं, पाणी आणि कांदा वेगळा लावला नाही. माझ्याकडून 5 पैकी साडेचार, अर्धा त्या बल्बचा कापला. रात्री नऊनंतर भाकरी संपते, तर मूल सोडायच्या आधी फोन करून सांगा किती जण आहात, म्हणजे त्या पीठ मळून ठेवतात.