दिवसा झोपणाऱ्यांसाठी पडदे: म्हापशातल्या दुकानाचा अनुभव

मी फिजिशियन, इस्पितळात कायम नाईट करते. सकाळी आठला पेशंट दिवसपाळीच्या डॉक्टरांच्या हवाली करून पर्वरीला पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं, आणि बेडरूमची खिडकी नेमकी पूर्वेला. म्हापशाच्या बाजारातून शिवून घेतलेल्या ब्लॅकआउट पडद्यांनी माझी झोप सुधारली, म्हणून हे लिहितेय.

दुकानदाराने आधी खिडकीचं तोंड कुठे आहे ते विचारलं आणि मापं घ्यायला स्वतः घरी आला. उजेड कापडातून कमी आणि कडेच्या फटींतून जास्त येतो, हे त्याने खिडकीपाशी उभं राहून दाखवलं. म्हणून पडदा चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना आठ इंच रुंद घेतला, टोकाला भिंतीकडे वळणारा रॉड लावला आणि कडांना वेल्क्रो. तरी वरच्या चुण्यांमधून छतावर उजेडाची पट्टी पडायचीच. त्यासाठी नंतर प्लायवूडचं पेलमेट, म्हणजे रॉडवरून पडद्याचा वरचा भाग झाकणारी पेटी, बसवावं लागलं, पैसे वेगळे. हे पहिल्या भेटीतच सांगायला हवं होतं.

पाठीला रबरी लेप असलेलं कापड जास्त काळोख करतं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते आणि लेप सोलतो. मी मध्ये काळा धागा विणलेलं कापड घेतलं. थेट उन्हात किंचित उजळतं, पण मशीनमध्ये बिनधास्त धुता येतं.

काळोखाचा एवढा आग्रह उगाच नाही. डोळ्यांवर उजेड पडला की मेंदूतलं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, कमी होतं, आणि मिटलेल्या पापण्यांतूनही थोडा उजेड आत जातोच. पहाटे चारच्या सुमारास, शरीर सगळ्यात मंदावलेलं असताना, मला छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी वाचायचा असतो, इन्सुलिनचा डोस लिहायचा असतो. तिथे आदल्या दिवसाची झोपच कामी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ मध्ये, शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातलंय. हा खर्च मी सजावटीत धरत नाही.

आवाज मात्र पडदा अडवत नाही. पोदेर, म्हणजे पाववाला, मी येण्याआधीच येऊन गेलेला असतो, पण मासळीवाल्याचा भोंगा ऐन डोळा लागताना वाजतो. कानात बोळे हवेतच. एप्रिल-मेमध्ये खोली कोंदते, एसीशिवाय निभत नाही.

चतुर्थीच्या तोंडावर ऑर्डर देऊ नका, शिलाई रखडते. आमच्या वॉर्डातल्या दोघी सिस्टर भाड्याच्या खोलीत राहतात, भिंतीला भोकं पाडता येत नाहीत. त्यांना त्याने थेट चौकटीला वेल्क्रोने चिकटणारे पडदे शिवून दिले. त्यांचा काळोख माझ्या खोलीपेक्षाही चांगला आहे, खर्चही कमी.