नोटीस निघाल्यानंतर विकलेला फ्लॅट

अनधिकृत इमारत म्हटलं की कागदच नसलेलं बांधकाम डोळ्यांसमोर येतं. माझ्या वडिलांना जो फ्लॅट विकला, त्याची फाइल मात्र चांगली जाडजूड होती. सातबारा, बिनशेतीचा आदेश, महापालिकेची बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, रेराचा (गृहप्रकल्पांची सरकारी नोंदणी) नंबर, वकिलाचा टायटल रिपोर्ट, घरपट्टीची पावती, विजेचं बिल, सगळं त्यात होतं. त्यातली बांधकाम परवानगी बनावट निघाली. आणि महापालिकेकडे एक कागद होता जो आम्हाला कोणीच दाखवला नाही: बाबांनी टोकन देण्याच्या कितीतरी आधी त्याच इमारतीला बजावलेली पाडकामाची नोटीस.

हे सगळं लिहितेय ते त्या एका नोटिशीसाठी. कारण अशा इमारतींमधले फ्लॅट बहुतेक वेळा नोटीस आणि हातोडा यांच्या मधल्या काळातच विकले जातात.

बाबा एसटीतून निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या, नंतर महापालिकेत घेतलेल्या एका गावात वन बीएचके पाहिला. भाव आजूबाजूच्या इमारतींपेक्षा कमी होता. त्याचं कारण विचारलं तर बिल्डरचा माणूस म्हणाला, "काका, जागा शेतकऱ्याबरोबर भागीदारीत आहे, जमिनीला पैसे गेलेच नाहीत, म्हणून स्वस्त." उत्तर पटण्यासारखं होतं. लोन सरकारी बँकेतून नको, "आमची ठरलेली फायनान्स कंपनी आहे, आठवड्यात करून देते," असंही तोच म्हणाला. ओसी, म्हणजे भोगवटा दाखला, येईल, अर्ज टाकलाय, असं शेवटपर्यंत सांगितलं. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं, स्टँप ड्युटी भरली, इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात आला. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदला गेला म्हणजे सरकारने व्यवहार तपासला, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. तिथे दस्ताची नोंद होते. इमारतीची परवानगी खरी की खोटी हे त्या नोंदणीने ठरत नाही.

राहायला गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात हॉलच्या छताला एका जागी ओल आली. बिल्डरने सगळ्या फ्लॅटना पीओपीचं छत फुकट करून दिलं होतं, आणि त्याचं केवढं कौतुक झालं होतं. इलेक्ट्रिशियनने पंख्याजवळची पीओपीची शीट काढली, टॉर्च मारला आणि मला स्टुलावर चढून बघायला सांगितलं. वर स्लॅबमध्ये परातीएवढा गोल भाग वेगळ्याच रंगाच्या सिमेंटचा होता. कडेने सळया कापलेल्या दिसत होत्या, त्यांची टोकं गंजलेली, आणि मधे नवी सळई न बांधता नुसता माल भरलेला. तो म्हणाला, "ताई, हे पालिकेचं काम. ब्रेकरने भोक पाडून गेलेत, यांनी नंतर बुजवलंय." वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी पीओपी काढून पाहिलं. त्यांच्याकडे तशी दोन होती.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा आणि सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर टाकून तीनच गोष्टी मागायच्या: या जागेवर दिलेल्या बांधकाम परवानग्या, दिलेल्या नोटिसा, केलेल्या कारवाईचे पंचनामे. उत्तरात परवानगीच्या रकान्यात "अभिलेखात आढळून येत नाही". आमच्या फाइलमधल्या परवानगीवर जो जावक क्रमांक होता, त्या क्रमांकाने दुसऱ्याच गावातल्या एका बंगल्याची परवानगी निघाली होती. सोबत नोटिशीची प्रत आणि पंचनामा. पंचनाम्यातले फोटो मी बराच वेळ बघत बसले. स्लॅबला भोकं पाडणारी माणसं, खाली उभा पोलीस बंदोबस्त, आणि मागे आमच्याच बाल्कनीची अर्धवट भिंत.

ही यंत्रणा चालते कशी, हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, बोलताना सगळे एमआरटीपी म्हणतात. त्याच्या कलम ५४ खाली चालू काम थांबवायची नोटीस देता येते. परवानगीशिवाय झालेलं काम काढून टाकायची नोटीस कलम ५३ खाली निघते. महापालिका अधिनियमाचं कलम २६० ही वापरतात. ही नोटीस प्रभाग कार्यालयातून, पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या सहीने जागामालकाच्या आणि विकासकाच्या नावे निघते. फ्लॅट घेणाऱ्याचं नाव त्यात नसतं, कारण तेव्हा तो चित्रातच नसतो. नोटीस भिंतीवर चिकटवतात, रात्रीत ती फाडली जाते. मग विकासक काम नियमित करून मागणारा अर्ज टाकतो, किंवा दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणतो, किंवा यातलं काहीच न करता वाट बघतो. पालिकेचं पथक येतं, चार स्लॅबना भोकं पाडतं, फोटो काढतं, कारवाई केल्याची नोंद होते. पथक गेलं की भोकं बुजवून रंगकाम सुरू होतं. आणि कलम ५२ खाली गुन्हा सिद्ध झालाच तर कैद एक महिना ते तीन वर्षे, दंड दोन हजार ते पाच हजार रुपये. पाच हजार! आमच्या टोकनची रक्कम याच्या कितीतरी पट होती. असा दंड ठेवल्यावर कोण कशाला घाबरेल?

घरपट्टीबद्दल मुद्दाम सांगते, कारण "टॅक्स लागलाय की" हे वाक्य प्रत्येक बिल्डर बोलतो. अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते. वर कलम २६७-क खाली शास्ती, म्हणजे दंड, लागते, जिला पिंपरी-चिंचवडमध्ये शास्तीकर म्हणून सगळे ओळखत. आणि हा कर किंवा शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं होत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. विजेच्या बिलाचंही तेच.

रेराच्या नंबरावर तर आम्ही सगळ्यात जास्त भरवसा ठेवला होता. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बाबतीत हेच घडलं. पालिकेच्या बनावट परवानग्या सादर करून महारेराचे नंबर मिळवले, त्यावर फ्लॅट विकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचे आदेश दिले, तेव्हा आत हजारो माणसं राहत होती. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत ४१ इमारती डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जमिनीवर उभ्या होत्या. २०२४ च्या शेवटी आणि २०२५ च्या सुरुवातीला त्या पाडल्या गेल्या. त्या भूखंडांवरचं आरक्षण विकास आराखड्यात आधीपासून होतं.

काही जण म्हणतात, गरिबाचं घर आहे, पालिकेने सोडून द्यावं. मला त्या माणसांचा राग येत नाही, माझ्या बाबांचंही तेच घर आहे. पण ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली ती अशीच परवानगीशिवाय, काही महिन्यांत मजल्यावर मजले चढवून उभी केलेली होती. वरचं काम चालू असताना खाली कुटुंबं राहत होती. ७४ माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. आमच्या हॉलवरचा तो बिनसळईचा तुकडा पाहिल्यापासून मला ही घटना रोज आठवते. वेळेवर, पायाचं काम चालू असतानाच कारवाई झाली तर कोणाचंही घर मोडत नाही, फक्त बिल्डरचं नुकसान होतं.

म्हणून कोणी स्वस्त फ्लॅट बघत असेल तर टोकन द्यायच्या आधी बिल्डरकडून फक्त सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि बांधकाम परवानगीची झेरॉक्स घ्या. नगररचना विभागात जाऊन जावक क्रमांक आणि तारीख जुळवा. किती मजल्यांची परवानगी आहे हेही बघा, चार मजल्यांच्या परवानगीवर सात चढवलेले असतात. त्यानंतर प्रभाग कार्यालयाच्या अतिक्रमण विभागात, या जागेवर ५३, ५४ किंवा २६० ची नोटीस आहे का, हे लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. सरकारी बँक लोन देत नसेल तर का देत नाही हे बँकेलाच विचारा. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँकांना सांगितलंय की पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला तपासूनच इमारतीवर कर्ज द्यावं, आणि पाणी-वीज जोडणीही त्या दाखल्यावरच. ओसी असलेलीच इमारत घ्या. "अर्ज टाकलाय" या उत्तराला काही किंमत नाही.

ज्यांच्या दारावर नोटीस आलीच आहे त्यांनी ती फाडू नका, तारखेसकट फोटो काढून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्याच १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाप्रमाणे पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी मिळायला हवी. रस्ता, फूटपाथ, रेल्वेलगतची किंवा नदीकाठची बांधकामं आणि न्यायालयाने थेट आदेश दिलेली पाडकामं मात्र यातून वगळली आहेत. उत्तर लेखी द्या, पोच घ्या. बिल्डरविरुद्ध पोलिसांत फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची तक्रार सगळ्या रहिवाशांनी एकत्र करा. आम्ही एकेकट्याने गेलो तेव्हा दाद लागली नाही, एकत्र गेल्यावर गुन्हा नोंदला गेला. बाबांच्या पैशातला एक रुपयाही अजून परत आलेला नाही आणि फायनान्स कंपनीचा हप्ता चालू आहे.

त्याच बिल्डरच्या माणसांनी आता शेजारच्या हिश्श्यावर काम काढलंय, बुकिंगचा फलक लागलाय. मी तिथला सर्व्हे नंबर टाकून अर्ज केला होता. त्या जागेवर कलम ५४ ची नोटीस निघालेली आहे आणि तिची प्रत प्रभाग कार्यालयातून कोणालाही मिळू शकते.