गॅस न भरता एसी गार करून देणारं मोशीचं गॅरेज

माझी २०११ची डबल केबिन डिझेल पिकअप. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि पुण्याजवळच्या मोशीच्या उपबाजारात खाली करायचे, आठवड्यातून चार फेऱ्या. निघताना एसी झकास. खेडच्या आसपास आलो, म्हणजे पाऊण तास झाला, की जाळीतून नुसता वारा. पुढे चाकणची ट्रॅफिक! काच खाली घ्यावी तर कंटेनरचा धूर थेट तोंडावर. मजा म्हणजे चहाला अर्धा तास थांबलं की एसी पुन्हा गार.

दोन उन्हाळ्यांत तीन ठिकाणी गाडी दाखवली. बॉनेट उघडायच्या आधीच निदान तयार, ‘गॅस कमी झालाय.’ दर वेळी पंधराशे-अठराशे गेले. तिसऱ्याने तर कॉम्प्रेसरच गेलाय म्हणून सोळा हजारांचा आकडा सांगितला. अहो, गॅस काय डिझेल आहे जळून संपायला? बंद पाइपातला गॅस कमी होतोय तर कुठून तरी गळत असणार. पण गळती आहे का, हे तिघांपैकी एकानेही बघितलं नाही.

मग बाजारातल्या एका ड्रायव्हरने हे गॅरेज सांगितलं. हायवेपासून आत, पत्र्याची शेड, बोर्डावरची अक्षरं उडालेली. काका पंचावन्नच्या पुढचे, बोलणं मोजकं.

“किती वेळाने बंद पडतो, शेठ?”

“पाऊण तासाने.”

“मग पाऊण तास चालू ठेवा.”

गॅसचा दाब मोजणारं निळ्या-लाल पाइपांचं मीटर लावलं. निळा, कमी दाबाचा काटा पस्तीस पीएसआयवर, लाल, जास्त दाबाचा सव्वादोनशेच्या आत-बाहेर. “गॅस बरोबर आहे, त्याला हात लावायचा नाही,” म्हणाले आणि सरळ दुसऱ्या गाडीखाली शिरले. मी मीटरकडे बघत बसलो. चाळीसएक मिनिटांनी निळा काटा वर चढायला लागला, लाल उतरायला लागला आणि दोघं शंभरच्या जरा वर येऊन भेटले, म्हणजे कॉम्प्रेसर थांबला. काकांना हाक मारली.

कॉम्प्रेसरची पुली फिरत होती, पण तिच्या तोंडावरची क्लचची प्लेट (ती पुलीला चिकटली तरच कॉम्प्रेसर फिरतो) जागेवर गप्प. वायरचं कनेक्शन तपासलं, करंट पूर्ण येत होता. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने त्यांनी प्लेट जराशी आत ढकलली. टक! प्लेट चिकटली, काटे पुन्हा लांब झाले. (हे घरी करून बघू नका. फिरत्या बेल्टजवळचं काम आहे, हात जाईल.)

कारण ऐकून दोन उन्हाळ्यांचा राग आला. क्लचला आत ओढतो तो कॉइलचा चुंबक. प्लेट झिजली की फट वाढते. गार असताना कॉइल तेवढी फट कशीबशी ओढते, पण तापली की तिचा जोर कमी पडतो आणि क्लच सुटतो. फिलर गेजने मोजलं तर फट जवळजवळ एक मिलिमीटर. हवी साधारण अर्धा. मधला बोल्ट खोलून प्लेट काढली, आतली एक शिम, म्हणजे फट ठरवणारी पातळ चकती, कमी केली, पुन्हा बसवलं. गॅस सोडायचीही गरज पडली नाही. काढलेली शिम माझ्या तळहातावर ठेवली. करंगळीच्या नखाएवढी, कागदापेक्षा थोडी जाड चकती. हिच्यापायी सोळा हजार!

मजुरी सातशे. ग्रिलमागच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या जाळीत, चिखल बसला होता, तो धुवायचे दोनशे वेगळे. धुतल्यावर परत तासभर इंजिन चालू ठेवायला लावलं, तेव्हाच पैसे घेतले.

एक स्टार कापला, कारण ग्रिल काढताना एक क्लिप तुटली ती काकांनी न सांगता प्लास्टिकच्या पट्टीने बांधली. मला घरी गेल्यावर दिसलं. बसायला सावली नाही, फोन उचलत नाहीत, मंगळवारी बंद.

एप्रिल आणि मे गेला, चाकणमध्ये काच वरच आहे. जाणार असाल तर गाडी तापलेलीच न्या आणि बिघाड नेमका कधी होतो ते आधी लिहून ठेवा. गार गाडी नेली तर तुम्हालाही पाऊण तास डिझेल जाळत बसावं लागेल.