स्टॅटिन चालू असताना काय घ्यावं: आवळा, बर्गमॉट की गार्सिनिया?

स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं. आधी रोजच्या गोळीची पट्टी उलटून पाहा. मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने दिलेलं नाव. औषधाचं नाव त्याच्या आसपास बारीक छापलेलं असतं. तिथे सिमव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन किंवा अटोर्व्हास्टॅटिन असेल, तर ग्रेपफ्रूटच्या जातीची फळं आणि त्यांचे अर्क जपून. रोसुव्हास्टॅटिन किंवा पिटाव्हास्टॅटिन असेल, तर ही अडचण जवळजवळ नाही.

बर्गमॉट हे इटलीतल्या कालाब्रियाचं लिंबूवर्गीय फळ. ग्रेपफ्रूटसारखंच त्यातही बर्गमॉटिन असतं. आतड्याच्या अस्तरात स्टॅटिनचा बराच भाग मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, ते या द्रव्यामुळे कायमचं निकामी होतं. नवं तयार व्हायला १ ते ३ दिवस जातात. तोवर तीच गोळी रक्तात जास्त उतरते आणि स्नायूंना बाधते. त्यामुळे ‘कॅप्सूल सकाळी, गोळी रात्री’ हा उपाय इथे चालत नाही. शिवाय बर्गमॉटमधली काही द्रव्यं रचनेने स्टॅटिनसारखीच असतात. आमच्या मते स्टॅटिनवर बर्गमॉट नकोच.

गणपतीत घरी येणाऱ्या पपनसातही याच गटातली द्रव्यं असतात. सिमव्हास्टॅटिनवाल्यांनी ते खाऊ नये. अटोर्व्हास्टॅटिनवर दोन फोडी खाल्ल्याने घाबरायचं कारण नाही. त्याच्या माहितीपत्रकातला इशारा दिवसाला १.२ लिटरहून जास्त ग्रेपफ्रूट रसाबद्दल आहे.

गार्सिनिया कंबोजिया वजन उतरवायला विकतात. या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्टॅटिननेही कधीकधी एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढतं, मग दोष कुणाचा हे कळत नाही आणि बहुधा उपयोगाची गोळीच आधी बंद केली जाते. म्हणून हीही नको. आपलं कोकम हे त्याचं भावंड, पण सोलकढीची वाटी म्हणजे अर्काची कॅप्सूल नव्हे. ती खुशाल प्या.

राहिला आवळा. तिघांत हाच त्यातल्या त्यात बरा. चूर्णाची रूढ मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. ३ ग्रॅमने सुरुवात करा आणि चमच्यापेक्षा काट्यावर मोजा. मात्र आवळ्याने रक्त गोठण्याची क्रिया थोडी मंदावू शकते. आपल्याकडे स्टॅटिनसोबत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळतात. तशी कॅप्सूल किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारूनच आवळा घ्या. मोरावळा यात धरू नका, त्यात साखरच फार.

सुरू करायचंच तर एका वेळी एकच पूरक घ्या. आधी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि एसजीपीटी करून ठेवा, ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा करा. आकडे उतरले तरी गोळी आपल्या मनाने कमी करू नका.

काही कष्ट न करता मांड्या-खांदे दुखू लागले, अशक्तपणा आला, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायूंसाठी सीपीके ही रक्ततपासणी होते. जाताना गोळ्यांची पट्टी न्याच, पण पूरकाची बाटलीही न्या. तिच्याबद्दल सांगायचं बहुतेक जण विसरतात.