बंद खोलीतले खून: काही महिने हेच वाचल्यावर

गेले काही महिने मी जवळपास एवढंच वाचतोय. दार आतून बंद, आत मुडदा, खुनी गायब. जास्त करून जॉन डिक्सन कार, म्हणजे मूळचा अमेरिकन पण बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहून लिहिणारा, आणि मधेमधे फ्रेंच लेखक गास्तों लरू, जपानी लेखक योकोमिझो.

सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते कारच्या 'द जुडास विंडो'ने (१९३८). जिमी नावाचा तरुण होणाऱ्या सासऱ्याला भेटायला जातो, व्हिस्की पितो, शुद्ध जाते, आणि जाग येते तेव्हा सासरा छातीत बाण घुसून मेलेला, दाराला आतून बोल्ट, खिडक्यांना स्टीलची शटर्स आणि खोलीत जिवंत माणूस हा एकटाच! आता ह्याला कोण सोडणार? पुढचं बरंचसं पुस्तक कोर्टात घडतं, आणि वकील सर हेन्री मेरिव्हेल एकेक साक्षीदार घेऊन पोलिसांची केस उसवत जातो ते वाचताना खूप मजा येते. मला ह्या प्रकारातलं हेच आवडतं की लेखक सगळं समोर मांडतो, आपल्याला सुचणारी सोपी उत्तरं आपल्या आधी स्वतःच खोडतो, आणि तरी काहीतरी राहतंच.

पण उत्तर आलं की बऱ्याचदा हवा जाते. कारचं 'द हॉलो मॅन' (१९३५) ह्या प्रकारातलं सर्वोत्तम मानतात, आणि त्यातला दुसरा खून, बर्फ पडलेल्या रिकाम्या गल्लीच्या मधोमध माणसाला अगदी जवळून गोळी लागते आणि आसपास दुसऱ्या कोणाच्या पावलांचे ठसे नाहीत, हे वाचताना अंगावर काटा येतो. शेवट मात्र इतका गुंतागुंतीचा की कोण कधी कुठे होतं हे जुळवायला मला मागची पानं परत काढावी लागली, आणि योगायोग जरा जास्तच आहेत. शिवाय कारच्या पुस्तकांत ते तरुण जोडपं येतंच, आणि त्यांचं प्रेम इतक्या पटकन जमतं की मला ती माणसं खरी वाटतच नाहीत. योकोमिझोच्या 'होनजिन'मध्येही बर्फात रोवलेली तलवार जन्मभर लक्षात राहील, पण ती युक्ती प्रत्यक्षात जमेल ह्यावर माझा विश्वास बसला नाही.

म्हणून माझ्यासाठी एक नंबर कारचंच 'शी डाईड अ लेडी' (१९४३). कड्याच्या टोकापर्यंत दोघांच्या पावलांचे ठसे, परतीचे नाहीत, सगळे म्हणतात जीव दिला, आणि मग प्रेतं सापडतात तर दोघांना गोळ्या घातलेल्या. इथे कोडं आहेच, पण गावातला म्हातारा डॉक्टर हे सांगतो आणि त्याला त्या दोघांतल्या बाईबद्दल खरंच वाईट वाटतं, त्यामुळे शेवट नुसता हिशोब वाटत नाही. असं ह्या प्रकारात फार कमी मिळालं मला.

वाचणार असाल तर लागोपाठ वाचू नका, युक्त्या ओळखू यायला लागतात. नकाशे असलेली पुस्तकं छापील घ्या, मोबाईलवर काही दिसत नाही. आणि लरूचं 'पिवळ्या खोलीचं रहस्य' (१९०७) 'द हॉलो मॅन'च्या आधी वाचून घ्या, कारण त्याच्या सतराव्या प्रकरणात कारचा डिटेक्टिव्ह डॉ. फेल बंद खोलीच्या सगळ्या पद्धतींवर लेक्चर देतो आणि त्यात जुन्या युक्त्या फुटतात.