जवसाचं तेल: बाटली घ्यावी की कॅप्सूल?

जवसाचं तेल (काही घरांत अळशीचं म्हणतात) सुरू करायचं ठरलं असेल, तर ओमेगा-३ म्हणजे काय आणि ते कशासाठी लागतं, हे तुम्ही एव्हाना वाचलेलंच असणार. ते पुन्हा सांगत बसत नाही. बहुतेकांचं अडतं ते पुढे: बाटली आणावी की कॅप्सूलची डबी? मी आधी सहा-सात महिने कॅप्सूल घेतल्या, मग बाटलीकडे वळलो आणि तिथेच राहिलो. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. माझा का बदलला तेवढं सांगतो.

कॅप्सूलच्या सोयीबद्दल दुमत नाही. चव लागत नाही, हात तेलकट होत नाहीत, प्रवासाला निघताना डबी पिशवीत टाकली की झालं. तेल चमच्याने प्यायच्या नुसत्या कल्पनेनंच ज्यांच्या अंगावर काटा येतो, त्यांना मी बाटलीचा आग्रह करणार नाही. कवच बहुधा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन प्राण्यांपासून येतं, तेव्हा शाकाहारी मंडळींनी लेबल वाचूनच घ्यावी.

प्रमाणाचा हिशोब मात्र मी उशिरा केला. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास किंवा थोडं जास्तच अल्फा-लिनोलेनिक आम्ल (जवसातलं ओमेगा-३ ते हेच) असतं, म्हणजे १००० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमधून साधारण अर्धा ग्रॅम मिळतं. अमेरिकेत या आम्लाचं दिवसाचं पुरेसं प्रमाण पुरुषांसाठी १.६ ग्रॅम आणि स्त्रियांसाठी १.१ ग्रॅम धरतात. त्यातलं काही रोजच्या जेवणातून येतंच. पण चहाच्या एका चमच्यात जेवढं तेल मावतं, तेवढ्यासाठी चार-पाच कॅप्सूल गिळाव्या लागतात. मी दिवसाला एक घेत होतो आणि आपण बरंच काही करतोय असं समजत होतो.

तरीही हिशोबामुळे मी कॅप्सूल सोडल्या नसत्या. चार घेतल्या असत्या. सोडल्या त्या वेगळ्याच कारणाने.

दुसरी की तिसरी डबी चालू असताना कॅप्सूल घेतल्यावर तासाभरात उग्र ढेकर यायला लागले. जवसाच्या तेलानं असं होतंच, असं ऐकून होतो, म्हणून फारसं मनावर घेतलं नाही. असे तीन-चार आठवडे गेले. मग एके रात्री ओठांच्या कडेची त्वचा फार कोरडी झाली होती, म्हणून एक कॅप्सूल टाचणीने टोचून तळहातावर पिळली. वास आला तो नुकत्याच रंगवलेल्या खिडकीचा. जिभेच्या टोकाला लावून पाहिलं तर कडूजहर. डबीवरची मुदत संपायला बरेच महिने होते. मी आणखी चार कॅप्सूल फोडल्या, चारही तशाच. एवढे दिवस मी रोज खवट तेल पोटात घालत होतो आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

ती डबी मी खिडकीजवळच्या फळीवर ठेवत होतो, तिथे दुपारी ऊन यायचं. त्यामुळे चूक माझ्या ठेवण्यात होती की तेल आधीच बिघडलेलं होतं, ते सांगता येणार नाही. पण कवच जसं चव झाकतं तसंच खवटपणाही झाकतं, ही गोष्ट मला त्या रात्री बोचली ती कायमची. इतर कुठल्या तेलाबाबत मी एवढी काळजी केली नसती. जवसाच्या तेलाची जातच निराळी आहे.

अल्फा-लिनोलेनिक आम्लाच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात आणि हवेतला ऑक्सिजन नेमका तिथे हल्ला करतो. याच गुणामुळे चित्रकार शतकानुशतकं रंग या तेलात खलत आले, लिनोलियमची फरशी याच्यापासून बनली, क्रिकेटच्या बॅटला हेच चोळतात. हे तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. ऑक्सिजन शोषून त्याचा घट्ट पापुद्रा होतो. कॅनव्हासवर हा गुण हवाच असतो, पोटात जाणाऱ्या तेलात मात्र तो सुरूसुद्धा व्हायला नको. कडूपणाचंही तसंच. बियांमधून तेलात सायक्लोलिनोपेप्टाइड नावाची द्रव्यं उतरतात आणि ऑक्सिजन लागला की ती कडवट होतात. ताजं तेल सौम्य असतं, भाजलेल्या दाण्यांच्या जवळ जाणारी चव. जीभ आणि नाक दोन्ही आपल्याला वेळेवर सांगतात. त्यांना तेलापर्यंत पोचू द्यायला हवं, एवढंच.

म्हणून बाटली. तिचे त्रासही कमी नाहीत. कायम फ्रीजमध्ये ठेवावी लागते. उघडल्यावर सहा ते आठ आठवड्यांत संपवलेली बरी. ओतताना ओघळ राहिला तर बाटलीच्या गळ्याशी मधासारखा चिकट पिवळा थर धरतो आणि मग झाकण फिरता फिरत नाही. मी दर वेळी कागदाने गळा पुसतो. गरम करायचं नाही: शुद्धीकरण न केलेल्या तेलातून १०७ अंश सेल्सियसच्या आसपासच धूर सुटू लागतो, तेव्हा फोडणीला किंवा तळणाला ते अजिबात चालत नाही. पदार्थ पानात वाढल्यावर वरून घ्यावं.

मोठी बाटली आणायची चूक मात्र करू नका. रोज एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर धरलं तर २५० मिलिलिटरची बाटली ५० दिवसांत संपते, अगदी मुदतीत. अर्ध्या लिटरच्या बाटलीला १०० दिवस लागतील आणि शेवटचा निम्मा भाग तुम्ही संशयानेच प्याल. घरात घेणारे दोघं असतील तर गोष्ट वेगळी. गडद काचेची, थंड दाबाने काढलेल्या तेलाची लहान बाटली घ्या आणि उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून तिच्यावर लावा. जास्तीची न उघडलेली बाटली फ्रीझरमध्येही राहते. हे तेल उणे २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे घरच्या फ्रीझरमध्ये ते पातळच असतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नवल वाटलं होतं.

आता वरून लावण्याविषयी. त्वचेसाठी मला तरी पिण्याचाच उपयोग जास्त वाटला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात १३-१३ स्त्रियांच्या दोन गटांना १२ आठवडे तेल पोटातून दिलं होतं, एका गटाला जवसाचं, दुसऱ्याला करडईचं. जवसाच्या गटात त्वचेचा खरखरीतपणा आणि खपल्या निघणं कमी झालं. अभ्यास लहान होता, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण माझ्या नडग्यांवर पांढरी खपली धरायची ती बाटलीकडे वळल्यावर तिसऱ्या महिन्यात जवळपास थांबली. कॅप्सूलच्या दिवसांत तसा फरक दिसला नव्हता. अर्थात तेव्हा प्रमाणही कमी होतं.

आंघोळीनंतर ओलसर अंगावर दोन-तीन थेंब कोपरांना, टाचांना चोळले की छान जिरतं. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. केसांच्या टोकांचा रुक्षपणा कमी झाला, नवे केस मात्र आलेले मला दिसले नाहीत. रात्रभर डोक्याला लावून झोपू नका. मी झोपलो होतो. उशीच्या अभ्र्यावर पिवळा, कडक डाग पडला आणि चार धुण्यांनंतरही तो कागदासारखा कडकच राहिला. तेव्हापासून न्हाण्याआधी अर्धा तास लावतो. या तेलाने भिजलेले टॉवेल किंवा फडकी चुरगाळून ढिगात ठेवू नका, ड्रायरमध्ये तर नाहीच. ऑक्सिजन शोषताना तेल तापतं आणि असा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. लगेच धुवा आणि पसरून वाळवा.

चेहऱ्यापुरतं पाहिलं तर कॅप्सूल सोयीची, हे कबूल करायला हवं. एका वेळेला पुरेल एवढंच तेल निघतं आणि फोडली की वासही कळतो.

दुकानातलं लाकडाला लावायचं ‘बॉइल्ड’ जवस तेल मात्र तोंडातही नको आणि अंगालाही नको. ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा गर्भारपण असेल तर बाटली काय, कॅप्सूल काय, आधी डॉक्टरांना विचारा. पोट साफ होण्यासाठी जवस हवं असेल तर तेलाच्या वाटेला जाऊच नका. तंतू आणि बहुतेक सगळे लिग्नन (वनस्पतींतली एक प्रकारची द्रव्यं) बियांतच राहतात, त्यासाठी जवस दळून खावं. अख्खे दाणे बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडतात. आणि मासळीच्या तेलातले ईपीए-डीएचए (ओमेगा-३चेच दोन वेगळे प्रकार) हवे असतील, तर जवसातून शरीर ते फारच थोडे बनवतं. शाकाहाऱ्यांनी शेवाळाच्या तेलाचा विचार करावा.

ज्यांना तरीही कॅप्सूलच घ्यायच्या आहेत, त्यांनी लहान डबी घ्यावी आणि ती फ्रीजमध्ये ठेवावी. प्रवासासाठी मीही एक ठेवतो. नवी डबी उघडली की पहिली कॅप्सूल गिळत नाही, टाचणीने फोडून तळहातावर घेतो. घरी असलो की सकाळी बाटलीचं झाकण काढून आधी वास घेतो, मग चमचा भरतो. सध्याच्या बाटलीचा हा पाचवा आठवडा आहे. अजून तरी दाण्यांचाच वास येतोय.